हिरा घेताना आधी कागद वाचा, मग मोल करा

लग्नसराई जवळ आली की आपल्या घरांतून जेवराची चर्चा सुरू होते. एके काळी ही चर्चा सोन्यापुरतीच असे. तोळ्याचा भाव ठाऊक असला की निम्मे काम झाले, अशी समजूत होती. आता सोन्याचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले आहेत. हिऱ्याची अंगठी, हिऱ्याचे टॉप्स, हिऱ्याचे लॉकेट हे शब्द मध्यम दर्जाच्या व्यापाऱ्याच्या आणि कारागिराच्या घरातही ऐकू येऊ लागले आहेत. दुकानदार हिऱ्यासोबत एक छापील कागद देतो आणि म्हणतो, "साहेब, सर्टिफाइड माल आहे." गिऱ्हाईक तो कागद घडी करून तिजोरीत ठेवते. त्यावर काय लिहिले आहे, हे शंभरातले पाच जण तरी वाचतात की नाही, याची आम्हाला शंका आहे.

आमचा धंदा कापडाचा. जौहरी असल्याचा आमचा दावा नाही. परंतु माल कोणताही असो, तो पारखून घेण्याची रीत एकच असते. आम्ही तुर्भ्यात राहतो. येथील बाजार समितीच्या आवारात कांदा-बटाटा, धान्य, मसाला, फळे आणि भाजीपाला यांचे घाऊक व्यवहार चालतात. आंब्याची पेटी घेणारा वरचा थर पाहून पैसे मोजत नाही. तो खालचा थर उचलून पाहतो. मसाल्याचा व्यापारी पोत्यातून मूठभर माल काढून नाकाला लावतो. आम्ही स्वतः कापडाचे थान उलगडून, उजेडात धरून, काठापासून काठापर्यंत बघतो. मग हाच व्यापारी हिऱ्याच्या दुकानात गेल्यावर डोळे का मिटतो? कारण तेथे मालाची भाषा त्याला येत नाही. ही भाषा शिकण्यास अवघड नाही. ती समजावी म्हणूनच हा लेख.

कागद कोण देतो?

हिऱ्याची परख आपल्या देशाला नवी नाही. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे प्रामुख्याने हिंदुस्थानच पुरवत होता. गोवळकोंड्याचा वजीर मीर जुमला हा इराणहून आलेला माणूस; हिऱ्यांच्या व्यापारातून त्याने अफाट दौलत कमावली होती. त्या काळी परख पारख्याच्या नजरेत असे आणि खरेदी त्याच्या शब्दावर होत असे. आज खाणी थोड्या उरल्या. पण पैलू पाडण्याच्या कामात भारताची, मुख्यतः सुरतेची, बरोबरी जगात कोणी करीत नाही.

पारख्याच्या नजरेला कागदावर आणण्याचे काम अमेरिकेत झाले. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, ही संस्था १९३१ साली स्थापन झाली. १९५०च्या दशकात तिने हिऱ्याची प्रतवारी ठरविण्याची पद्धत घालून दिली आणि १९५५ पासून प्रतवारीचे अहवाल देण्यास सुरुवात केली. इंटरनॅशनल जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आयजीआय, ही संस्था १९७५ साली बेल्जियममधील अँटवर्प येथे निघाली. या दोन्ही संस्थांच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. आयजीआयची १९९९ पासून आणि जीआयएची २००८ पासून. आपल्याकडील रत्न व आभूषण निर्यात प्रोत्साहन परिषदेने १९७१ साली सुरू केलेली जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया हीसुद्धा मुंबईतच आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०१० साली भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यापासून हिऱ्याच्या व्यापाराचे केंद्र ऑपेरा हाऊसहून तेथे सरकले. तुर्भ्याहून वाशीला येऊन हार्बर गाडीने कुर्ल्यास उतरले की पुढे रिक्षाचा रस्ता आहे. सांगायचे एवढेच की, शंका आली तर परख करून घेण्यासाठी आपल्याला परदेशी जावे लागत नाही.

येथे पहिली सावधगिरी. प्रयोगशाळा या नावाखाली वाटेल तो कागद छापता येतो. कागद देणारी संस्था माल विकणाऱ्यापासून वेगळी असली पाहिजे. दुकानदाराने स्वतःच्याच नावाने दिलेले "प्रमाणपत्र" हे त्याचे आश्वासन आहे, तपासणी नव्हे. त्याची किंमत दुकानदाराच्या इमानाएवढीच.

कागदावरील चार गोष्टी

हिऱ्याचे मोल चार गोष्टींवर ठरते : वजन, रंग, क्लॅरिटी आणि कट. एकेक घेऊ.

वजन : कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. एका ग्रॅमचे पाच कॅरेट. एका कॅरेटचे १०० सेंट. अर्धा कॅरेट म्हणजे ५० सेंट. सोन्याचा कॅरेट वेगळा. तो शुद्धता सांगतो, वजन नव्हे. या दोन कॅरेटची गल्लत पुष्कळ घरांतून होते.

हिऱ्याचा भाव दर कॅरेटला सांगतात, आणि वजन वाढले की दर कॅरेटचा भावही वाढतो. म्हणून १० सेंटचे दहा हिरे मिळून एक कॅरेट झाले, तरी त्यांची किंमत एक कॅरेटच्या एकट्या हिऱ्यापेक्षा फारच कमी असते. जाहिरातीत "एक कॅरेटची अंगठी" असे म्हटले असेल तर पहिला प्रश्न हा विचारावा : एक कॅरेट एका हिऱ्याचे की सगळ्यांचे मिळून?

दुसरी युक्तीची गोष्ट. अर्धा कॅरेट, एक कॅरेट अशा पुऱ्या आकड्यांवर भाव एकदम उडी घेतो. समजा, एक कॅरेटच्या हिऱ्याचा भाव ३ लाख रुपये कॅरेट आहे आणि त्याच प्रतीच्या ९० सेंटच्या हिऱ्याचा भाव अडीच लाख रुपये कॅरेट. पहिला पडला ३ लाखाला, दुसरा २ लाख २५ हजाराला. गोल हिऱ्यात एकाचा व्यास साधारण साडेसहा मिलिमीटर भरतो आणि दुसऱ्याचा सव्वासहाच्या आसपास. बोटात घातल्यावर हा फरक कोणाच्या नजरेस येत नाही. ७५ हजार रुपये मात्र खिशात राहतात.

रंग : रंगाची श्रेणी इंग्रजी अक्षरांनी लिहितात. डी पासून सुरुवात आणि झेडवर शेवट. डी म्हणजे पूर्ण बिनरंगी. जसजसे पुढे जाल तसतशी पिवळट झाक वाढते. ए पासून सुरुवात का नाही? कारण पूर्वीचे व्यापारी ए, एए अशी अक्षरे आपापल्या मर्जीने लावीत. जुन्या घोटाळ्यापासून सुटका व्हावी म्हणून नवी पद्धत डी पासून धरली. तपासणारा माणूस हिरा ठरावीक नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी ठेवून, ठरावीक उजेडात रंग ठरवतो. आपल्या कापडवाल्या भावांना हे नवे नाही. शेड कार्डावर कापड लावून बघणे म्हणजे हेच. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात जुळत नाही, हे आपण जाणतो. हिऱ्याच्या दुकानातले झगझगीत दिवेही रंग लपवतात. हिरा खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर उलटा ठेवून बाजूने पाहावा.

डी, ई, एफ या श्रेणी महाग. जी ते जे या श्रेणींचा हिरा दागिन्यात जडवल्यावर साध्या डोळ्याला बहुधा पांढराच दिसतो. पिवळ्या सोन्यात तर ही झाक आणखी झाकते. ज्याचा पैसा मोजका आहे त्याने येथे काटकसर करावी.

क्लॅरिटी : साध्या मराठीत सांगायचे तर हिऱ्यातील ऐब किती, हे ही श्रेणी सांगते. दहापट मोठे दिसणाऱ्या भिंगातून पाहून ती ठरवतात. एकूण ११ पायऱ्या आहेत. सर्वांत वर एफएल आणि आयएफ. मग व्हीव्हीएस-१ व २, व्हीएस-१ व २, एसआय-१ व २ आणि शेवटी आय-१, २, ३. व्हीएसपर्यंतचे ऐब साध्या डोळ्याला दिसत नाहीत. एसआयमध्ये बहुतेक वेळा दिसत नाहीत, पण तपासून घ्यावे. आय श्रेणीत ते दिसू शकतात, आणि चीर मोठी असेल तर हिऱ्याच्या मजबुतीलाही धोका असतो. व्हीव्हीएस हा शब्द दुकानात फार स्वस्त झाला आहे. जो फरक भिंगाशिवाय दिसत नाही, त्यासाठी किती पैसे मोजायचे हे आपण ठरवावे.

कट : हा शब्द पुष्कळांना आकार वाटतो. गोल, चौकोनी, बदामी हा आकार झाला. कट म्हणजे पैलू किती हिशेबात आणि किती सफाईने पाडले आहेत. हिऱ्याची चमक यावर अवलंबून असते; उजेड वरून शिरून पुन्हा वरच बाहेर पडला पाहिजे. जीआयए २००६ पासून गोल ब्रिलियंट हिऱ्यांना कटची श्रेणी देते : एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर. वजन वाचवण्यासाठी कारखान्यात हिरा खोल ठेवतात. मग तो एक कॅरेट भरतो, पण व्यास सहा मिलिमीटरच्या जवळच राहतो आणि मधोमध काळसर दिसतो. म्हणून कागदावरील मिलिमीटरचे आकडे जरूर वाचावेत. आमचे मत विचाराल तर रंग आणि क्लॅरिटीत एक-दोन पायऱ्या उतरावे, कटमध्ये उतरू नये.

छोट्या अक्षरांत काय असते?

अहवालावर नंबर आणि तारीख असते. हा नंबर संस्थेच्या वेबसाइटवर टाकला की मूळ नोंद दिसते. दुकानात बसल्या बसल्या मोबाइलवर हे पाहता येते. त्यात संकोच करू नये. पुष्कळ हिऱ्यांच्या कमरेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, हाच नंबर लेझरने कोरलेला असतो. भिंगातून तो वाचून दाखवण्यास सांगावे.

परंतु नंबर जुळला म्हणजे काम संपले असे नाही. अस्सल हिऱ्याचा नंबर प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यावर कोरून विकण्याचे प्रकार जीआयए आणि आयजीआय या दोन्ही संस्थांनी उघडकीस आणले आहेत. म्हणून वजन, मिलिमीटरचे माप आणि ऐबांचा नकाशा ही तिन्ही जुळवून पाहावीत. मोठी रक्कम असेल तर सौदा पक्का करण्यापूर्वी हिरा पुन्हा तपासून घेण्याची अट घालावी. खरा व्यापारी याला नाही म्हणत नाही.

फ्लुओरेसन्स या मथळ्याखाली हिरा अतिनील उजेडात चमकतो का, हे लिहिलेले असते. चमक बहुधा निळसर असते. हा ऐब नव्हे. परंतु वरच्या रंगाच्या हिऱ्यात ती तीव्र असेल तर बाजारात भाव कमी येतो. तेव्हा आपणही तो कमीच द्यावा.

शेरा या रकान्यात महत्त्वाच्या गोष्टी दडलेल्या असतात. लेझरने छिद्र पाडून काळा डाग काढला असेल, उष्णता व दाब देऊन रंग सुधारला असेल, तर ते तेथे लिहितात. चिरेत काच भरलेल्या हिऱ्याला जीआयए श्रेणीच देत नाही. जडाई आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागीर बंधूंनी येथे विशेष लक्ष द्यावे. काच भरलेल्या हिऱ्याला दिव्याची आच लागली की भरलेली काच बिघडते आणि दोष कारागिराच्या माथी येतो. म्हणून काम हाती घेताना हिऱ्याचा अहवाल क्रमांक, वजन आणि माप पावतीवर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. हिरा बदलल्याचा आरोप आला तर कारागिराची अब्रू हीच पावती वाचवते.

आणखी एक. हा अहवाल हिऱ्याची किंमत सांगत नाही. प्रत सांगणे हे प्रयोगशाळेचे काम. मोल ठरवणे हे बाजाराचे. व्यापारात रॅपापोर्टची भावयादी १९७८ पासून चालते. पण त्या यादीवरही सूट आणि चढ-उतार असतात. म्हणून एकाच प्रतीच्या हिऱ्याचा भाव निदान तीन दुकानांत विचारावा. कागद हातात असला की तुलना करणे सोपे जाते. कागदाचा खरा फायदा हाच.

प्रयोगशाळेतला हिरा

आता बाजारात प्रयोगशाळेत बनवलेला हिरा भरपूर आला आहे. तो काच नव्हे, अमेरिकन डायमंडही नव्हे. तो कार्बनचाच असतो, तेवढाच कठीण असतो आणि दुकानातले साधे टेस्टर त्याला हिराच म्हणते. सुरतेत तो मोठ्या प्रमाणावर तयार होतो. २०२३ साली पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला असाच साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला होता.

तो विकण्यात किंवा वापरण्यात काही गैर नाही. गैर आहे ते न सांगता विकण्यात. कारण दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बनवलेल्या हिऱ्याचा भाव उत्पादन वाढेल तसा घसरत गेला आहे. डी बिअर्स कंपनीने २०१८ साली ८०० डॉलर कॅरेट या भावाने असे हिरे विकण्यासाठी लाइटबॉक्स नावाची शाखा काढली. २०२५ साली ती बंद करण्याचे तिने जाहीर केले. जीआयएनेही १ ऑक्टोबर २०२५ पासून अशा हिऱ्यांना रंग व क्लॅरिटीच्या जुन्या श्रेणी देण्याऐवजी प्रीमियम आणि स्टँडर्ड अशा दोनच प्रती ठेवल्या. तेव्हा हौसेसाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा. अडीअडचणीला मोडून पैसा उभा करू, या आशेने घेऊ नये. कागदावर "लॅबोरेटरी-ग्रोन" हे शब्द आहेत का, ते सर्वांत आधी पाहावे.

बिल कसे असावे?

आमच्या परिचयाच्या एका मसाला व्यापाऱ्याच्या घरची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. मुलाच्या निकाहात मेहरचा भाग म्हणून हिऱ्याची अंगठी ठरली आणि तिची रक्कम निकाहनाम्यात लिहिली गेली. दुकानदाराने आपल्याच छापील कागदावर जी रंग, व्हीव्हीएस असे लिहून दिले होते. पुढे अंगठी मोठ्या प्रयोगशाळेत तपासली तेव्हा जे रंग आणि एसआय-१ निघाले. किमतीत मोठी तफावत आली. दुकानदाराने बिलाकडे बोट दाखवले. बिलावर फक्त "डायमंड रिंग, एक नग" एवढेच होते. मुलाच्या बापाने तुटीएवढे सोने सुनेला देऊन हक्क पुरा केला, हे त्याचे इमान. पण प्रश्न एका अंगठीचा नाही. जो जेवर मेहर म्हणून लिहिला जातो, तो त्या स्त्रीची मालमत्ता असतो. त्याचे मोल कागदावर एक आणि बाजारात दुसरे, असे झाले तर नुकसान तिचे होते. म्हणून मेहरमध्ये हिरा द्यायचा असेल तर अहवालाचा क्रमांकही लिहून ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

बिलात पुढील गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात : हिऱ्याचे वजन, रंग, क्लॅरिटी, अहवालाचा क्रमांक, हिरा नैसर्गिक की बनवलेला, सोन्याचे निव्वळ वजन आणि शुद्धता, मजुरी, आणि जीएसटी. सुट्या पैलूदार हिऱ्यावर जीएसटी दीड टक्का आहे, दागिन्यावर तीन टक्के.

सोन्याच्या वजनाचा हिशेब स्वतः करावा. समजा, अंगठीचे एकूण वजन ६.२०० ग्रॅम आणि त्यात एक कॅरेट हिरे आहेत. एक कॅरेट म्हणजे ०.२०० ग्रॅम. तेव्हा सोन्याचे पैसे ६.००० ग्रॅमचेच व्हायला हवेत. एकूण वजनावर सोन्याचा भाव लावला तर हिऱ्याचे पैसे देऊन वर त्याच वजनाला सोन्याचेही पैसे दिले, असे होते.

हॉलमार्कबद्दलही गैरसमज आहे. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लागतो. तो सोन्याच्या शुद्धतेची हमी आहे. हिऱ्याशी त्याचा संबंध नाही. हिऱ्याचे दागिने बहुधा १८ कॅरेट सोन्यात घडवतात आणि त्यावर ७५० हा आकडा असतो. भाव लावताना २२ कॅरेटचा लावला तर नाही ना, हे पाहावे.

परत घेण्याची अट लेखी असावी. "कधीही आणा, परत घेऊ" हे तोंडी बोलणे असते. किती टक्के कापणार, रोख देणार की बदल्यात दुसरा माल, हे बिलावर लिहून घ्यावे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम दुकानदाराला रोखीने घेता येत नाही. तेव्हा बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये. बिल नसले की तक्रारीचा आधारच जातो. बिल असेल आणि माल त्याप्रमाणे नसेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

धंद्याची नवी वाट

शेवटी आपल्या तरुणांसाठी दोन शब्द. तुर्भ्याशेजारी महापे येथे दागिने उद्योगासाठी ज्वेलरी पार्क उभारण्याचे काम निर्यात परिषदेने हाती घेतले; त्याची पायाभरणी २०१९ साली झाली. असा उद्योग जवळ आला की जडाई, पॉलिश, डिझाइन, प्रतवारी, हिशेब अशा कामांना माणसे लागतील. प्रतवारीचे शिक्षण मुंबईत मिळते. ज्या मुलाची नजर बारीक आणि हात स्थिर आहे, जरीकाम किंवा नक्षीकाम ज्याच्या घरात आहे, त्याने या शिक्षणाची चौकशी अवश्य करावी.

हिरा घेणे ही कोणाची गरज नाही. ऐपत नसेल तर न घेतलेला हिरा हाच सर्वांत चांगला सौदा. पण घ्यायचा ठरला तर घाम गाळून मिळवलेला पैसा आहे, हे ध्यानात ठेवून घ्यावा. दुकानात जाताना दहापट भिंग सोबत न्यावे. ते फार महाग मिळत नाही. आणि पहिले वाक्य हे बोलावे : "आधी अहवाल दाखवा, मग हिरा."